चतुर्थीचे सामने

"हेड कोच म्हणजे माझ्या हाताखाली किती कोच?" रामनाथ वैतींनी विचारलं.

"हाताखाली कोणी नाही," प्राचार्य डॉ. सुबोध दळवी म्हणाले. "पण वरून जो फॉर्म येतो त्यात 'हेड कोच' असा रकाना आहे. तो गेली तीन वर्षं रिकामा जातोय."

अशा रीतीने विक्रोळी पूर्वेच्या लोकसाधना महाविद्यालयाचा रकाना भरला. सहा कॉलेजांची लीग होती. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा त्यांच्या मैदानावर, एकदा आपल्या. टीम पहिल्या तिघांत आली तर वैतींना कायम करायचं, आणि नाही आली तर... प्राचार्य अप्रिय वाक्यं नेहमी अर्धवट सोडत. ती पूर्ण करायला ऑफिस होतं.

रामनाथ वैती बावन्न वर्षांचे. ऐन उमेदीत ते विक्रोळीच्याच एका कारखान्याच्या टीमचे गोलकीपर होते, आणि चांगले गोलकीपर होते. कारखान्याने आधी टीम बंद केली, मग खातं बंद केलं, आणि रामनाथ भावाच्या होडीवर जाळी ओढायला गेले. पण फुटबॉल काही डोक्यातून गेला नाही. त्यांनी कोचिंगचा कोर्स केला आणि घरात प्रत्येक वस्तूला ओल येते म्हणून सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. 'हेड कोच' हे दोन शब्द ऐकून त्यांच्या छातीत जे काही झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मात्र आठवड्याच्या आत भांडुपच्या कोळीवाड्यात त्यांच्या दारावर तशी पाटी लागली.

त्यांची बायको कमळ घाटकोपरच्या बाजारात मासळी विकायची. तिने पाटी दोनदा वाचली.

"एक सीझन," ती म्हणाली. "कायम झाले तुमी तर चांगलंच हाय. नाय झाले, तर पहाटे माझ्यासंगती धक्क्याला यायचं नि बर्फाच्या पाट्या उचलायच्या. मंग गुडघा दुखतो, कंबर धरली, मी काय ऐकणार नाय."

"अगं, पोरं तर बघू दे आधी."

"बघा की. मी कुठं नको म्हणते."

पोरं बघितल्यावर रामनाथना आपला गुडघा आधीच दुखू लागल्यासारखा वाटला. क्रिकेटवाल्यांनी न घेतलेली, कबड्डीला वजन कमी पडलेली आणि श्रमदानाच्या शिबिरात झाडू मारायचा कंटाळा असलेली अशी ती अठरा पोरं होती. कॅप्टन निमेश जोरात पळायचा, फक्त चेंडू असेल तिथून लांब. सम्यक गोलसमोर पोचला की विचारात पडायचा. गोलकीपर लवूवर घरचे संस्कार असे, की येणाऱ्याला वाट द्यावी. चेंडू आला की तो बाजूला व्हायचा. ही सगळी मंडळी फुटबॉलला आली होती ती एकाच कारणाने. लीगमध्ये पहिल्या तिघांत आलेल्या टीमच्या पोरांना परीक्षेत दहा मार्क जास्तीचे मिळत. निमेशचा अकाउंट्स दोनदा राहिला होता. तिसऱ्यांदा राहिला तर काकांच्या साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहायचं, असं घरी ठरलं होतं, आणि ते काम त्याला फुटबॉलइतकंच जमत होतं.

रामनाथनी हार मानली नाही. रोज सकाळी साडेसहाला सराव. एकच धडा: "चेंडू जमिनीवरून, जवळच्याला." महिनाभर पोरं चेंडू जमिनीवरून जवळच्याला देत राहिली आणि बाहेरच्या मैदानावरच्या पहिल्या दोन सामन्यांत चार-शून्य आणि पाच-शून्य अशी हरली. त्या वेळी जवळचा जो असायचा तो बहुधा समोरच्या टीमचा असायचा.

दुसरा सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी रामनाथ दुपारी दोनच्या सुमारास मैदानावर आले, तर पूर्वेच्या गोलसमोर घोटाभर पाणी. पावसाचा आठवडाभर पत्ता नव्हता.

"गटार तुंबलंय," शकुताईंनी सांगितलं. शकुताई म्हणजे कॉलेजच्या ऑफिसच्या सुपरिंटेंडेंट. प्राचार्यांची अर्धवट वाक्यं त्याच पूर्ण करीत. "दहा वर्षं तुंबतंय. कधी सकाळी तुंबतं, कधी दुपारी. सतरा पत्रं पाठवली मी."

रामनाथनी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. गटारच असतं तर हे धाडस महागात पडलं असतं. पण पाणी खारट होतं. कुंपणाच्या मागे कांदळवन होतं, त्याच्या मागे खाडी होती, आणि नाल्याच्या तोंडाची लोखंडी झडप कधीतरी तुटून पडली होती. मोठी भरती आली की खाडी सरळ कॉलेजात यायची आणि तास-दीड तास थांबून परत जायची. दहा वर्षं दोन हजार मुलं आणि भूगोलाचा अख्खा विभाग त्या पाण्याकडे बघत आला होता. चव कोणी घेतली नव्हती.

भरती कधी येणार हे कळायला कोळ्याला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पाणी तीन वाजता पुरं भरणार. सव्वादोनला मैदानात शिरणार आणि पावणेचारला निघून जाणार. रामनाथ त्या रात्री जेवता जेवता बोटं मोजत होते.

"काय मोजताव?" कमळने विचारलं.

"सामने," ते म्हणाले.

हिशोब सोपा होता. चतुर्थीला दुपारी दीडला सामना लावायचा. सव्वादोनपर्यंत पहिला हाफ, तोपर्यंत मैदान कोरडं. त्यात आपण पूर्वेच्या गोलवर चाल करायची आणि काही करून एक गोल मारायचा. मग बाजू बदलणार, पूर्वेचा गोल आपल्याकडे येणार आणि त्याच्यासमोर खाडी येऊन उभी राहणार. समोरच्यांनी कितीही लाथा मारल्या तरी चेंडू पाण्यात पचकन बसणार. लवूला बाजूला व्हायचीसुद्धा गरज नाही.

प्रश्न एवढाच होता, की पाहुण्या टीमने सुरुवातीला पूर्वेची बाजू आपणहून कशी घ्यावी. तो रामनाथनी पाहुणचाराने सोडवला. पूर्वेच्या गोलला लागून विलायती चिंचेचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत त्यांनी खुर्च्या मांडल्या, माठ ठेवला, लिंबू सरबताचं पातेलं ठेवलं. दीड वाजताच्या उन्हात टॉस जिंकलेला कॅप्टन झाडाकडे एकदा बघायचा आणि सावली मागायचा. टॉस आपण जिंकलो तर निमेशने ऊन मागायचं, असं ठरलं होतं. त्यामुळे लोकसाधनाची पोरं फार सभ्य आहेत असं सगळ्या लीगमध्ये बोललं जाऊ लागलं.

घरच्या सामन्यांच्या तारखा ज्याच्या त्याच्या कॉलेजने कळवायच्या असत. रामनाथनी गणपतीची चतुर्थी सुट्टीची म्हणून सोडून पाच तारखा लिहून शकुताईंकडे दिल्या. शकुताई चतुर्थीला कडक उपवास करणाऱ्या. त्यांनी कागद वाचला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"वैतीसर, पाचही चतुर्थी आहेत. तुम्ही मुद्दाम?"

इथे रामनाथनी खरं सांगायला हवं होतं. पण मोठ्या मुश्किलीने हाती लागलेली युक्ती ऑफिसात सांगितली की संध्याकाळपर्यंत कँटीनला कळते, हे त्यांना कारखान्यात असल्यापासून माहीत होतं. त्यांनी नुसते हात जोडले. शकुताईंचे डोळे पाणावले.

पहिला घरचा सामना मुलुंडच्या कॉलेजशी झाला. चाळिसाव्या मिनिटाला सम्यक गोलसमोर विचारात पडला असताना चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून आत गेला. सव्वादोनला खाडी आली. पुढची पंचेचाळीस मिनिटं मुलुंडची पोरं चिखलात चेंडू शोधत राहिली. एक-शून्य. लोकसाधनाने सहा वर्षांत जिंकलेला हा पहिला सामना.

"बाप्पाची कृपा," शकुताई प्राचार्यांना म्हणाल्या. "सरांनी तारीखच तशी काढली होती."

प्राचार्यांनी रामनाथना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "वैती, तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळलं. दिखावा नाही, काही नाही. याला म्हणतात श्रद्धा."

रामनाथ चहा प्यायले. दुसऱ्या घरच्या सामन्याआधी शकुताईंनी गोलपोस्टपाशी नारळ फोडला. पाच मिनिटं गेली, सामना एक-शून्य जिंकला. तिसऱ्याला आरती झाली. पंधरा मिनिटं गेली, तरी निभावलं. चौथ्याला सगळ्या टीमने उपवास धरला. उपवास म्हणून पोरं सकाळपासून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू असं हाणून आली, आणि एरवी जेवून हलकी असणारी पोरं उपवास करून जड झाली. तोही सामना एक-शून्यने जिंकला, कारण खाडीने काही खाल्लं नव्हतं.

बाहेरच्या मैदानांवर टीम नियमाने हरत होती. पण त्याचंही उत्तर प्राचार्यांकडे तयार होतं. "त्या दिवशी चतुर्थी नव्हती ना," ते म्हणत.

रामनाथना दर वेळी वाटायचं, आता सांगावं. त्यांनी कमळला विचारलं. कमळ पापलेटं निवडत होती.

"सांगा की. मंग ते इचारतील, खाडीच जिंकवते तर तुमी कशाला पायजेल."

रामनाथही पापलेटं निवडायला बसले.

शेवटचा घरचा सामना मरोळच्या कॉलेजशी होता. जिंकला तर टीम तिसरी, नाही तर चौथी. कोचची नोकरी आणि निमेशचा अकाउंट्स, दोन्ही एकाच दुपारवर येऊन ठेपले. रामनाथनी शकुताईंना आठवडाभर आधीपासून बजावलं होतं, की सामना दीड म्हणजे दीडलाच सुरू झाला पाहिजे. शकुताई म्हणाल्या, काळजी करू नका. त्या असं म्हणाल्या की रामनाथना काळजी वाटायला लागे.

सामन्याच्या दिवशी साडेबाराला हॉल भरलेला. "अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं," प्राचार्यांनी जाहीर केलं. "आज आपण काही उणं ठेवायचं नाही."

"सर, एकवीस?" रामनाथ त्यांच्या कानाशी लागले. "अकरा करू ना. पाच पण चालतील."

"वैती, देवाशी घासाघीस करायची नसते."

दीड वाजला तेव्हा तेरावं आवर्तन चालू होतं. मरोळची टीम वैतागून निघून जाईल आणि सामना बोंबलेल, ही भीतीही रामनाथना वाटत होती. पण तिची सोय शकुताईंनी केली होती. मरोळच्या पोरांपुढे मोदकांची ताटं होती. मरोळचे कोच नितेश सर शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले होते. रेफ्रीच्या मांडीवर नारळ होता. ज्याच्या हातात सत्काराचा नारळ आहे तो माणूस उशीर झाला म्हणून तक्रार करू शकत नाही.

दोनला आवर्तनं संपली. रामनाथ दाराकडे निघाले, तर माइकवरून त्यांचंच नाव पुकारलं गेलं. सत्कारमूर्ती तेच होते. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र शकुताईंनी लिहिलं होतं आणि त्याच ते वाचत होत्या. सव्वादोन झाले. रामनाथना खिडकीतून कांदळवनाची रांग दिसत होती आणि त्यापलीकडे खाडी आता कुठपर्यंत आली असेल हे न बघता कळत होतं. सत्काराला उत्तर म्हणून ते एकच वाक्य बोलले, "आपण आता खाली जाऊया." हा विनय बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि प्राचार्य अर्धा तास विनयावर बोलले.

सामना तीन वाजता सुरू झाला. पूर्वेच्या गोलसमोर पाणी टच्च भरलं होतं, आणि मरोळच्या कॅप्टनने टॉस जिंकून, पाणी दिसत असूनही उन्हाला भिऊन, सावलीच मागितली होती. आपली पोरं पाण्यावर चाल करून जात होती आणि चेंडू पचकन बसत होता. खाडी त्या दिवशी मरोळकडून खेळली. उलट बाजूला, कोरड्या मैदानावर, लवूने एका चेंडूला वाट दिली. हाफ टाइमला मरोळ एक, लोकसाधना शून्य.

"आज गटार लवकर तुंबलं यार, सर," निमेश धापा टाकत म्हणाला.

"लवकर नाही तुंबलं. आपण उशिरा आलो." रामनाथ गवतावर खाली बसले आणि त्यांनी पोरांना सगळं सांगून टाकलं. तिथी, पाऊणपट, झडप, सरबत, सगळं.

पोरांनी वळून पूर्वेच्या पाण्याकडे बघितलं.

"म्हणजे चारही मॅच खाडीने जिंकल्या?" निमेशने विचारलं.

"खाडीने वाचवल्या. गोल तुम्हीच मारलेत."

"आणि बाप्पा?" लवू म्हणाला.

"बाप्पा आहे रे. पण तो फुटबॉल खेळत नाही."

"आपण तरी कुठे खेळतो," सम्यक म्हणाला.

रामनाथना फार वाईट वाटलं. चार सामने जिंकून ही पोरं थोडी ताठ चालायला लागली होती, आणि त्यांचा तो ताठपणा आपण काढून घेतला. "हे बघा," ते म्हणाले, "पाणी आता उतरणार. ते कोणाच्याच बाजूने नाही. माझ्याकडे दुसरी युक्ती नाही. सकाळी करता तेवढंच करा. चेंडू जमिनीवरून, जवळच्याला."

पोरांनी तेच केलं, कारण दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. मरोळची पोरं पहिला हाफ पाण्यात उभी राहून दमली होती आणि मोदक आता त्यांच्या पोटात बसले होते. चेंडू सम्यककडून निमेशकडे, निमेशकडून पुन्हा सम्यककडे असा जाऊ लागला, आणि रामनाथच्या लक्षात आलं, की जवळचा जो आहे तो आपलाच आहे. साठाव्या मिनिटाला सम्यकने विचार न करता गोल मारला. ऐंशीव्या मिनिटाला निमेश पळाला, आणि त्या दिवशी चेंडू असेल त्या दिशेने पळाला. दोन-एक. शेवटच्या मिनिटाला मरोळचा फटका सरळ कोपऱ्यात येत होता. लवू बाजूला झाला नाही. चेंडू छातीवर घेऊन तो चिखलात आडवा पडला आणि शिट्टी वाजेपर्यंत उठला नाही. रामनाथनी तोंड फिरवून डोळे पुसले. सबंध सीझनमध्ये त्यांच्या पोरांनी स्वतः जिंकलेला हा एकच सामना होता.

"एकवीस आवर्तनं," मागून प्राचार्य म्हणाले. "बघितलंत?"

इथेच सगळं गोड झालं असतं. पण नितेश सरांनी घरी जाऊन शाल घडी करून ठेवली आणि बाकीच्या चार कॉलेजांना फोन केले. प्रत्येकाच्या सामन्यात पाणी आलं होतं, आणि प्रत्येकाने सरबत प्यालेलं होतं. त्यांनी लीगकडे तक्रार केली, की लोकसाधनाच्या कोचने भरतीची वेळ साधून तारखा काढल्या. नियम स्पष्ट होता: मैदानात पाणी येणार हे यजमान टीमला आधी माहीत असेल, तर तिचे घरचे सगळे सामने कोरड्या मैदानावर पुन्हा खेळायचे.

चौकशीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी रामनाथना बोलावलं. समोर त्यांना कायम करायचा प्रस्ताव होता. "सगळं भरलंय," ते म्हणाले. "फक्त 'संघाच्या यशात कोचचे योगदान' असा एक रकाना आहे. तिथे काय लिहू? अथर्वशीर्ष लिहिता येणार नाही, ते सगळ्यांनी मिळून म्हटलं. तुम्ही स्वतः काय केलंत?"

"शेवटचा सामना पोरं खेळून जिंकली, सर. सकाळच्या सरावामुळे."

"सराव बाहेरच्या सामन्यांआधीही होताच की. ते तर हरलो."

"उद्या सांगतो," रामनाथ म्हणाले.

चौकशीला लीगचे निरीक्षक म्हणून दशरथ परब आले. साठीचे, किरकोळ अंगाचे, मालवणकडचे. केबिनमध्ये प्राचार्य, नितेश सर आणि इतिवृत्त लिहायला शकुताई. बाहेर बाकावर निमेश बसला होता, कॅप्टन म्हणून बोलावलं तर असावा म्हणून. तो नखं खात होता.

"वैती, सरळ विचारतो," परब म्हणाले. "मैदानात भरतीचं पाणी येणार हे तुम्हाला माहीत होतं?"

'हो' म्हटलं की रिकामा रकाना भरत होता. एवढं डोकं चालवणाऱ्या कोचला प्राचार्यांनी हातचं जाऊ दिलं नसतं, हे रामनाथना कळत होतं. आणि 'हो' म्हटलं की पाचही सामने पुन्हा, कोरड्यावर. ज्या पोरांनी आयुष्यात खरा फुटबॉल पंचेचाळीस मिनिटं खेळला होता, ती त्यातले किती जिंकणार? दारातून निमेशची नखं खाणारी बोटं दिसत होती.

"नाही," रामनाथ म्हणाले.

"मग पाचही तारखा बरोबर जुळल्या कशा?" नितेश सर उसळले.

"चतुर्थी आहेत त्या," शकुताईंनी लिहिता लिहिता सांगितलं. "सरांची श्रद्धा आहे."

परबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऱ्हवतास खंय तुमी?"

"भांडुप कोळीवाडा."

"वाडवडलांचो धंदो?"

"मासेमारी. भावाची होडी आहे अजून."

"मी आचऱ्याचो. आमच्याकडे पोराक चालूक येऊच्या आधी भरती-सुकती कळता." परबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "कोळ्याक भरती म्हायत नाय, ह्या तुमी तुमच्या हातान लिवून देतास?"

रामनाथनी पेन घेतलं. त्यांच्या आज्याने अंधारात नुसत्या वाऱ्याच्या वासावरून होडी आत आणली होती आणि बापाने कॅलेंडर कधी घरात लावलं नव्हतं. स्वयंपाक्याने मला मीठ ओळखता येत नाही असं लिहून द्यावं, तसं ते लिहिणं होतं. त्यांनी लिहिलं: 'मी वडिलोपार्जित मच्छीमार असून मला भरती-ओहोटीच्या वेळांची काहीही माहिती नाही. सामन्यांत जे घडले त्यात माझा हात नाही.' खाली सही केली.

परबांनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. "ह्या माका पटाक नाय," ते उठता उठता म्हणाले. "पण कागदाक पटला."

तक्रार निकालात निघाली. टीम तिसरी आली. पोरांचे दहा मार्क लागले. प्राचार्यांनी प्रस्ताव पुढे ओढला, 'कोचचे योगदान' ह्या रकान्यापाशी थोडा वेळ थांबले आणि मग त्यात 'निरंक' लिहिलं. माणूस वाईट नव्हता. पण लेखी समोर असताना ते तरी दुसरं काय लिहिणार होते?

"वैती, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे," ते म्हणाले. "पण आता..."

आठ दिवसांनी शकुताईंच्या सहीचं पत्र आलं. 'आपल्याच निवेदनावरून संघाच्या विजयात आपला सहभाग आढळून येत नसल्याने हेड कोच हे पद पुढे चालू ठेवण्याची आवश्यकता वाटत नाही.' सोबत अथर्वशीर्ष मंडळाच्या उद्घाटनाचं निमंत्रण होतं.

कमळने पत्र दोनदा वाचलं आणि निवेदन कसलं ते रामनाथकडून काढून घेतलं.

"भरती ठाव नाय, असं लिवून दिलं तुमी? आपल्या हातानं?"

"पोरांचे मार्क होते गं."

ती काहीतरी लागेलसं बोलणार होती. मग त्यांच्याकडे बघून तिने ते गिळलं. "देवानं जिंकवलं नि तुमी लटकले," ती म्हणाली. "चला, हात धुवा. बोंबील गरम हायेत."

निकाल लागला त्या संध्याकाळी निमेश पेढ्यांचा बॉक्स घेऊन कोळीवाड्यात आला. रामनाथ पहाटे बर्फाच्या पाट्या उचलून दुखावलेल्या गुडघ्याला तेल चोळत होते.

"अकाउंट्स सुटला, सर. सात मार्क कमी पडत होते, त्या दहातून भागले."

"झकास," रामनाथ म्हणाले, आणि त्यांना खरंच आनंद झाला. त्यांनी बॉक्स उघडला. कोपऱ्यातला एक पेढा नव्हता.

निमेश ओशाळला. "आई म्हणाली, आधी बाप्पासमोर ठेव, त्याच्यामुळे पास झालास, मग सरांना ने. मला माहीत आहे सर, खरं काय ते. पण घरी कसं सांगणार?"

रामनाथनी दुसऱ्या नंबरचा पेढा उचलून तोंडात टाकला.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "आधी हेड कोच."